शेपटी तुटलेली पाल आणि आत्याचा गुडघा

मागच्या उन्हाळ्यात आमच्या दांडिया बाजारातल्या घरात भाच्याने माडीचा दरवाजा धाडकन लावला आणि बिजागरीपाशी बसलेल्या पालीची शेपटी तुटली. पाल भिंतीवरून आजोबांच्या फोटोमागे पसार झाली. शेपटी मात्र उंबऱ्यावर कितीतरी वेळ एकटीच वळवळत होती. आत्याने जप थांबवला, "कृष्ण कृष्ण" म्हणाली आणि विचारलं, "गरोळी मेली का रे?" चार पिढ्या बडोद्यात काढलेल्या मराठी घरात मराठी पाल आणि गुजराती गरोळी दोघी नांदतात.

"मरतेय कशाला आजी, नवी शेपटी येते तिला," भाचा म्हणाला.

"हो? मग माझ्या गुडघ्याची गादी का येत नाही?"

प्रश्न चेष्टेचा नव्हता. आत्याच्या फोनवर त्याच आठवड्यात दोन गोष्टी आल्या होत्या. एक बातमी: शास्त्रज्ञांना तुटलेला अवयव पुन्हा उगवणारे बटण सापडले. आणि तिच्या पाठोपाठ एक जाहिरात: गुडघ्यात मूलपेशींचे इंजेक्शन घ्या, शस्त्रक्रिया टाळा. बातमी आणि जाहिरात अशा हातात हात घालून आल्या की माझ्या मनात पाल चुकचुकते. (ही शेपटीवाली.)

गंमत म्हणजे बातमीत तथ्य होते. २०२५मध्ये चीनमधल्या संशोधकांनी दाखवले की सशाच्या कानाला पाडलेले भोक पूर्ण भरून येते, उंदराचे येत नाही, आणि उंदरात निजलेले एक जनुक जागे केले तर त्याचाही कान भरून येतो. यातून आत्याच्या गुडघ्यापर्यंत पोचायचे तर वाट जरा लांबची आहे. ती पालीवरूनच जाते.

चार शब्द, मग पुढे

आपले शरीर सुमारे ३७ लाख कोटी पेशींचे आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचा तोच धागा गुंडाळून ठेवलेला असतो. उलगडला तर दोन मीटर भरेल, आणि त्याच्या एका प्रतीत सुमारे ३२० कोटी अक्षरे. या धाग्यावरचा जो तुकडा एखादे प्रथिन कसे बनवायचे ते सांगतो, तो जनुक. माणसात असे सुमारे २०,००० तुकडे आहेत. फार वाटतात ना? मातीत राहणाऱ्या एका मिलिमीटरभर लांबीच्या गोलकृमीच्या शरीरात उण्यापुऱ्या ९५९ पेशी असतात आणि जनुके त्याचीही २०,०००च्या आसपास. तेव्हा जनुकांच्या संख्येवरून मिशीला पीळ देण्यात अर्थ नाही.

खरे कोडे वेगळेच आहे. डोळ्यातल्या पेशीत आणि गुडघ्यातल्या पेशीत जनुके तीच, मग एक डोळा आणि दुसरी गुडघा कशी? आत्याच्या फडताळात वर्षभर डबे तेच असतात. चतुर्थीला तांदळाची पिठी आणि नारळ बाहेर येतो, होळीला हरभऱ्याची डाळ आणि गूळ. डबे बदलत नाहीत, कोणते उघडले ते बदलते. पेशीतही कोणती जनुके चालू आणि कोणती बंद, एवढ्यावर तिची जात ठरते.

आता डबा कोणता उघडायचा हे पेशीला सांगते कोण? बहुतेक वेळा शेजारीण. एक पेशी एखादे प्रथिन बाहेर सोडते, दुसरीच्या अंगावर त्याला पकडणारा आकडा असतो, तो ओढला गेला की आत कामांची साखळी सुरू होते आणि शेवटी काही जनुके उघडतात, काही मिटतात. याला शास्त्रात पेशीसंकेत म्हणतात. मी निरोप म्हणेन, कारण तो तसाच असतो: छोटा, तोंडी, आणि ऐकणारा कोण आहे त्यावर अर्थ बदलणारा.

पण नकाशा कुणाकडे तरी असेलच ना?

नसतो. हे पटायला सगळ्यात जड जाते, म्हणून इथे थोडा रेंगाळते.

बडोद्याच्या माणसाला हे समजावणे सोपे आहे. नवरात्रात मोठ्या मैदानावर हजारो माणसे गरबा खेळतात. वरून काढलेला फोटो पाहिला तर एकात एक घातलेली वर्तुळे दिसतात, रांगोळीसारखी. प्रत्यक्षात खेळणाऱ्याला रांगोळी दिसत नाही. तो पाहतो पुढच्याची पाठ, शेजारणीचे पाऊल, आणि ऐकतो मधून येणारा ढोल. एवढ्यावर वर्तुळ बनते. दहा माणसे बाहेर पडली तरी ते मोडत नाही, शेजारचे सरकून जागा भरतात.

गर्भातल्या पेशींचेही असेच. फक्त त्यांना ढोलाच्या आवाजाची पातळी फार बारकाईने कळते. निरोप सोडणाऱ्या पेशींजवळ त्या प्रथिनाचे प्रमाण जास्त, लांब जावे तसे कमी. पेशी ते प्रमाण मोजते आणि आपण कुठे आहोत ते ओळखते. रावपुऱ्यातून घरी येताना सेव उसळीच्या तर्रीचा वास कितपत येतो त्यावरून गाडी किती लांब आहे हे डोळे मिटून सांगता येते, तसे. ब्रिटनमध्ये काम केलेल्या लुईस वोल्पर्ट या शास्त्रज्ञाने १९६९मध्ये हे फ्रान्सच्या तीन पट्ट्यांच्या झेंड्यावरून समजावले होते: निरोप भरपूर तर पेशी निळी, मध्यम तर पांढरी, थोडा तर लाल. एकच निरोप, तीन परिणाम.

गरब्याची उपमा एका ठिकाणी तोकडी पडते, ते सांगून टाकते. गरबा खेळणारी रात्रभर गरबाच खेळते. पेशी मात्र निरोप ऐकून बदलते, आणि बदलली की स्वतः नवे निरोप सोडू लागते. म्हणजे तिसऱ्या वर्तुळातल्या बाईने ढोल ऐकता ऐकता स्वतःच सनई काढावी आणि तिच्याभोवती नवे वर्तुळ बनावे. असे पदर चढत जातात. एका पेशीपासून बाळ होते ते असे.

निरोपाचा सगळ्यात नाट्यमय पुरावा १००हून अधिक वर्षे जुना आहे. जर्मनीत हान्स श्पेमान यांच्या प्रयोगशाळेत हिल्डा मांगोल्ड नावाची तरुण संशोधक न्यूट या शेपटीवाल्या उभयचराच्या गर्भांवर काम करत होती. टाचणीच्या डोक्याएवढ्या गर्भाचा एक ठरावीक कण कापून तिने दुसऱ्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला बसवला. तिथे काय व्हावे? पोटाला चिकटलेला दुसरा आख्खा गर्भ वाढू लागला, पाठीच्या कण्यासकट. दोन्ही गर्भ वेगवेगळ्या रंगाच्या जातींचे असल्याने कोणती पेशी कुणाची हे ओळखता येत होते. दुसऱ्या गर्भाचा बराचसा भाग यजमानाच्याच पेशींचा निघाला. बाहेरून आलेल्या कणाने स्वतः अवयव बांधले नव्हते, शेजाऱ्यांना "तुम्ही पाठ व्हा" असे सांगितले होते, आणि पोटाची त्वचा होणार असलेल्या पेशी मुकाट पाठ झाल्या. निबंध १९२४मध्ये छापून आला. त्याच वर्षी स्टोव्हचा भडका होऊन हिल्डा गेली, पंचविसाव्या वर्षी. श्पेमानना १९३५मध्ये नोबेल मिळाले.

आणि निरोप काही जनुकांचीच मक्तेदारी नाही. आमच्या विश्वामित्री नदीतल्या मगरीचे पिल्लू नर होणार की मादी हे अंडे किती उबेत वाढले यावर ठरते.

करंगळी, अंगठा आणि लांबचे बटण

आता एका निरोपाची ओळख करून घेऊ, कारण पुढे तो पालीलाही भेटणार आहे आणि मेंढीलाही. नाव विचित्र आहे: सॉनिक हेजहॉग. फळमाशीत एक जनुक बिघडले की तिची अळी हेजहॉग या प्राण्यासारखी काटेरी दिसे, म्हणून त्या जनुकाचे नाव हेजहॉग पडले. नंतर कोंबडी, उंदीर वगैरेंमध्ये त्याची भावंडे सापडली. त्यातल्या एकाला संशोधकांनी व्हिडिओ गेममधल्या पात्राचे नाव दिले. पुढे त्यांना बहुधा पश्चात्ताप झाला असावा, कारण आज डॉक्टरांना गंभीर चेहऱ्याने आईबापांना सांगावे लागते की बाळाचा सॉनिक हेजहॉग बिघडला आहे. मी नुसते सॉनिक म्हणते.

गर्भ चार आठवड्यांचा असताना हात म्हणजे बाजूला आलेला एक चपटा उंचवटा असतो. त्याच्या करंगळीच्या कडेच्या पेशी सॉनिक सोडतात. जवळ, निरोप जोरदार: करंगळी. लांब, निरोप नाहीच: अंगठा. कोंबडीच्या गर्भात या कडेचा तुकडा कापून समोरच्या कडेलाही बसवला तर पंखाची बोटे आरशात पाहिल्यासारखी दोन्हीकडून सारखी येतात. हा प्रयोग १९६०च्या दशकातला. तो निरोप म्हणजेच सॉनिक, हे १९९३मध्ये कळले.

काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या अंगठ्याच्या बाजूला सहावे बोट येते. अशा काही कुटुंबांत सॉनिकचे जनुक तपासले तर अगदी ठणठणीत. बिघाड होता त्याच्या बटणात, आणि ते बटण डीएनएच्या धाग्यावर जनुकापासून सुमारे १० लाख अक्षरे लांब, एका भलत्याच जनुकाच्या पोटात. जुन्या वाड्यातल्या जिन्यासारखे: दिवा माडीवर, बटण खाली देवघरापाशी. बटण बिघडल्याने सॉनिक अंगठ्याच्या बाजूलाही थोडा पाझरला आणि तिथे बोट उगवले.

सापाचे पाय गेले त्यातही याच बटणाचा हात आहे. सापात सॉनिकचे जनुक शाबूत आहे, लागतेच ते इतर अवयवांना. हातापायांचे बटण मात्र झिजले आहे. २०१६मध्ये संशोधकांनी उंदराचे बटण काढून तिथे सापाचे बसवले तर उंदराचे पाय खुंटले. सापाच्या बटणातून गळालेली १७ अक्षरे परत भरली तर पाय पुन्हा आले.

बोटे सुटी होतात ती मात्र मरणाने. आधी हात पंजासारखा जोडलेला असतो, मग बोटांमधल्या पेशींना "मरा" असा निरोप येतो आणि त्या शिस्तीत मरतात. बदकाच्या पायात त्या निरोपाला अडवणारे एक प्रथिन असते, म्हणून त्याच्या बोटांमधले पडदे टिकतात, कोंबडीचे जातात.

पालीने नेमके काय केले?

शेपटी "तुटली" म्हणणे पूर्ण खरे नाही. पालीच्या शेपटीच्या मणक्यांत आधीच चीर असते, पोस्टाच्या तिकिटांच्या कागदाला छिद्रांची रेघ असते तशी. धोका दिसला की तिथले स्नायू आवळून ती शेपटी सोडून देते. रक्त फारसे जात नाही. थोड्या दिवसांत जखमेवर कातडी येते, आणि त्या कातडीखाली साध्या दिसणाऱ्या, पुढे काय व्हायचे ते अजून न ठरलेल्या पेशींचा कोंब जमतो. इथून गर्भातलेच निरोप पुन्हा सुरू होतात. नवे जनुक लागत नाही. जुनेच डबे वर्षांनंतर पुन्हा उघडतात.

काळा घोड्याचा पूल ओलांडला की पलीकडे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे. तिथल्या प्राणिशास्त्र विभागात याच आपल्या भिंतीवरच्या पालीच्या शेपटीवर कित्येक दशके संशोधन चालले आहे. बडोदेकरांना राजवाडा ठाऊक असतो, हे सहसा नसते.

आता दोन गोष्टी, ज्या मला स्वतःला वाचताना थांबवून गेल्या.

पहिली. त्याच पालीचा पाय तुटला तर उगवत नाही. जनुके तीच, पाल तीच, मागचा पाय आणि शेपटी यांत दोन बोटांचे अंतर. तरी एका ठिकाणी कोंब येतो, दुसऱ्या ठिकाणी वण पडतो. शेपटीच्या जखमेत सूज लवकर ओसरते, पायाच्या जखमेत ती रेंगाळते आणि तिथे तंतूंची घट्ट गाठ बसते. तेव्हा "पालीकडे आहे आणि आपल्याकडे नाही" असा सरळ हिशोब नाही. पायापुरती पालही आपल्याच पंक्तीला बसते.

दुसरी. नवी शेपटी ही जुनीची नक्कल नाही. आत मणके नसतात. त्यांच्या जागी कूर्चेची, म्हणजे आपल्या कानात किंवा नाकाच्या शेंड्यात असते त्या लवचीक पदार्थाची, एकसलग नळी असते. याचे कारण पुन्हा आपला सॉनिक. गर्भात मज्जारज्जूच्या फक्त खालच्या बाजूने सॉनिक सुटतो, त्यामुळे वर आणि खाली वेगळे बनते. नव्या शेपटीतल्या मज्जारज्जूतून तो सगळ्या बाजूंनी सुटतो. सगळीकडूनच ढोल वाजला तर मध्य कुठला आणि कड कुठली? पेशी सगळीकडे एकच करतात: कूर्चा. २०२१मध्ये गेको जातीच्या पालींमध्ये सॉनिक न ऐकणाऱ्या, जनुक बदललेल्या, मज्जारज्जू घडवणाऱ्या पेशी घातल्यावर नव्या शेपटीत वर-खालचा फरक परत आणता आला.

अस्सल नक्कल करणारा प्राणी पाहायचा तर मेक्सिकोचा अ‍ॅक्सोलोटल, न्यूटचाच एक भाऊबंद. मनगटापाशी हात तुटला तर फक्त पंजा येतो, खांद्यापाशी तुटला तर आख्खा हात, हाडे-स्नायू-नसांसकट. उरलेल्या पेशींना आपला पत्ता आठवत असतो.

"पण माणसाचं यकृत तर वाढतं!"

वाढते, पण उगवत नाही. जिवंत दात्याच्या यकृताचा अर्ध्याहून मोठा तुकडा काढता येतो आणि उरलेला भाग काही महिन्यांत जवळपास मूळ वजनाला येतो. मात्र काढलेली पाळी परत येत नाही, राहिलेली फुगून काम उचलते. घरातला एक कमावता गेला की बाकीचे जास्त तास काम करतात, तसे.

खरे पुनर्जनन, म्हणजे गेलेला भाग पुन्हा घडणे, माणसात एका जागी दिसते आणि ते बहुतेकांना माहीत नाही. लहान मुलाच्या बोटाचे अगदी टोक, नखाच्या मुळाच्या पलीकडे, कापले गेले तर स्वच्छ ठेवून नुसती पट्टी बांधली तरी ते मांस, कातडी, नखासह परत येऊ शकते. इंग्लंडच्या शेफील्डमधल्या डॉक्टर सिंथिया इलिंगवर्थ यांनी १९७४मध्ये मुलांच्या दारात चिरडलेल्या बोटांबद्दल हे लिहिले. पुढे उंदरात कळले की नखाच्या मुळाशी असलेल्या मूलपेशी, म्हणजे अजून कोणत्याही एका कामाला न जुंपलेल्या राखीव पेशी, तिथे निरोप सोडतात. नखाचे मूळच गेले तर निरोपही गेला. (बोट तुटले तर डॉक्टरकडे जायचेच. पाल होऊन घरी बसायचे नाही.)

उंदराच्या हृदयाचेही असेच. जन्माच्या दिवशी छोटा तुकडा काढला तर भरून येतो, आठवडाभराने काढला तर वण पडतो. म्हणजे विद्या येत असते, मग ती गुंडाळून ठेवली जाते.

मग बटण दाबायला काय हरकत आहे?

आत्याचा पुढचा प्रश्न हाच होता. सशाच्या कानाच्या बातमीतले जनुक शरीरात अ जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल बनवण्याचे काम करते. तेही एक निरोपच. उंदराला ते आम्ल बाहेरून दिले तरी कान भरून आला. आत्या लगेच म्हणाली, "मग गाजरं खाते."

गाजरे खावीत, चांगलीच असतात. पण या निरोपाची दुसरी बाजू आपल्याच देशात दिसली होती. भुवनेश्वरमध्ये प्रियंबदा मोहंती-हेजमाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका भारतीय बेडकाच्या पिल्लांची शेपटी कापली आणि त्यांना अ जीवनसत्त्व दिले. कापलेल्या जागी शेपटी यायला हवी होती. आले पाय. १९९२मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हे छापून आले. निरोप इतका जोरदार होता की पेशी आपला पत्ताच विसरल्या.

म्हणूनच गरोदरपणात अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, आणि मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन ही गोळी तर गरोदर बाईला वर्ज्यच आहे. गर्भात त्या वेळी निरोपांची गर्दी असते, बाहेरून कुणी लाउडस्पीकर लावला तर गोंधळ होणारच.

निरोप तोडला तर काय होते तेही पाहू. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात मेंढ्यांना कपाळाच्या मध्यावर एकच डोळा असलेली कोकरे होऊ लागली. गाभण मेंढ्यांनी डोंगरातली एक रानटी वनस्पती खाल्ली होती. तिच्यातले द्रव्य सॉनिकचा निरोप अडवते. चेहरा आणि मेंदू डाव्या-उजव्या भागांत विभागण्याचे कामही सॉनिकच करतो. तो पोचला नाही, डोळे दोन झाले नाहीत.

आणि हाच निरोप मोठ्या माणसात नको तिथे चालू राहिला तर? त्वचेचा बेसल सेल नावाचा एक कर्करोग बहुतेक वेळा असाच होतो, सॉनिकचा निरोप ऐकणारी साखळी अडकून चालूच राहिल्याने. एकडोळ्या कोकरांच्या कोड्यातून जे कळले त्याच्या आधारे त्या निरोपाला अडवणारे औषध तयार झाले आणि २०१२मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मेंढपाळांचे नुकसान वाया गेले नाही म्हणायचे.

"वाढा" हा निरोप आणि कर्करोग यांच्यामध्ये भिंत नाही, पडदा आहे. वण ही शरीराची चूक नसावी असे मला वाटते. जखम झटपट बुजवा, जंतू आत येऊ देऊ नका, आणि वाढीचे डबे बंद ठेवा, असा तो व्यवहार दिसतो. पालीला शेपटीपुरता दुसरा व्यवहार परवडला.

शिवाय वेळ. २०२२मध्ये प्रौढ बेडकाच्या तुटलेल्या पायावर पाच औषधे भरलेली टोपी फक्त २४ तास बसवली गेली. पाय वाढला, पण दीड वर्ष लागले आणि तो हुबेहूब नव्हता. बेडकाचा पाय केवढा, माणसाचा केवढा.

मग गुडघ्याचे इंजेक्शन?

गुडघ्याची "गादी" म्हणजे हाडांच्या टोकांवरचा कूर्चेचा गुळगुळीत थर. पालीला मणका हवा होता, मिळाली कूर्चा. आत्याला नेमकी कूर्चाच हवी आहे आणि ती मिळत नाही. प्रौढ माणसाच्या सांध्यातल्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, पेशीही विरळ. झीज झाली तर तिथे कोंब जमत नाही आणि जमवणारा निरोपही येत नाही.

जाहिरातवाला म्हणतो, आम्ही मूलपेशी टोचतो, त्या गादी बनतात. इतके वाचल्यावर शंका कुठे घ्यायची ते कळेल. मूलपेशी ही काही बनू शकणारी पेशी आहे. काय बनायचे, कुठे थांबायचे, हे तिला सांगणार कोण? अंधाऱ्या मैदानावर शंभर माणसे आणून सोडली आणि ढोलच नसेल तर गरबा होत नाही. काहींना दुखणे कमी वाटते, सूज उतरल्यामुळेही वाटू शकते. पण दुखणे कमी होणे आणि गादी नव्याने येणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

कायद्याची बाजू आत्याला मी अशी सांगितली. रक्ताच्या काही आजारांत रक्त बनवणाऱ्या मूलपेशींचे रोपण ही रूढ, मान्य उपचारपद्धत आहे. बाकी बहुतेक उपयोग प्रायोगिक आहेत आणि ते मंजूर चाचणीतच करायचे, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मोजक्या तयार उत्पादनांना ठरावीक आजारासाठी केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळालेली आहे, गुडघ्यासाठीही. म्हणून "सगळं थोतांड" म्हणून मोकळे होता येत नाही. विचारायचे असे: उत्पादनाचे नाव काय? परवानगी कोणत्या आजाराच्या कोणत्या टप्प्यासाठी? चाचणी असेल तर तिचा सरकारी नोंदणी क्रमांक काय? आणि चाचणी असेल तर पैसे कसले घेता?

आत्याने फोन लावला. स्पीकरवर. पहिल्या प्रश्नाला पलीकडची मुलगी म्हणाली, ते डॉक्टर समोरासमोर सांगतील. दुसऱ्याला म्हणाली, आज नाव नोंदवलं तर सूट आहे. आत्याने "चालशे, ठेवा" म्हणून फोन बंद केला आणि दुसऱ्या दिवसापासून फिजिओथेरपिस्टने सांगितलेले मांडीचे व्यायाम पुन्हा सुरू केले, जे तिने मार्चमध्ये सोडले होते.

पाल दिवाळीच्या सफाईत फोटोमागून निघाली. नवी शेपटी जुनीपेक्षा जरा बुटकी, गुळगुळीत, रंग एक छटा गडद, आणि जोड कुठे आहे ते स्पष्ट दिसत होते. भाच्याने विचारले, "मावशी, आता परत दारात सापडली तर तिथूनच तुटेल का?"

तिथून नाही. नळीत मणके नाहीत, मणके नाहीत तर चीर नाही. पुढच्या वेळी ती जोडाच्या वर, जिथे जुने मणके उरले आहेत तिथून सोडेल.

"म्हणजे दर वेळी थोडं वरून," भाचा म्हणाला, आणि या वेळी दार त्याने हाताने धरून लावले.